व्हिनेगर क्राउनचं तिसरं गाणं

बेसिल,

परवा तुला जाऊन महिना झाला. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा असते हे तुझ्या आईने, रोझी आंटीने, फोन करून सांगितलं आणि तिच्या पद्धतीने पुढे जोडलं, "ये बाला, पण तो काळा टी-शर्ट नको." मी पांढरा शर्ट घालून आलो. तिथे काय झालं ते तुला सांगावं म्हणून लिहायला बसलोय. पण तुझ्याशी बोलताना मी कधी थेट मुद्द्यावर आलेलो नाही. आजही येणार नाही, समजून घे.

गेला महिनाभर दुपारी जेवण झालं की मी आमच्या तपासणीच्या खोलीत जाऊन बसतो. परळच्या हॉस्पिटलातली ती स्पंजच्या भिंतींची खोली तुला माहीत आहे. तुझे कान मी तिथेच तपासले होते. दार लावलं की बाहेरचं सगळं बंद होतं. रस्ता नाही, लिफ्ट नाही, पंख्याची घरघरसुद्धा नाही. पेशंट म्हणतात, भीती वाटते. मला पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं, आणि मग खोलवर कुठेतरी तू सुरू होतोस. शब्द कळत नाहीत. तुझे शब्द तसेही कुणाला कळायचे नाहीत. फक्त तो घोगरा, लांबत जाणारा आवाज, वरळीच्या धक्क्यावर दुरून बोटीचं इंजिन ऐकू यावं तसा. मी डोळे मिटून ऐकत राहतो. दोन वाजता सिस्टर दारावर टकटक करते, तेव्हा कळतं की खोलीत कुणीच नव्हतं.

आपण भेटलो तेव्हा दोघंही एकोणीसचे. दादरचं कॉलेज, जिन्याखालची जागा. मी लालबागच्या चाळीतला, मालवणी घरातला. बाबांची गिरणी कधीच बंद झालेली, त्यामुळे घरात माझ्या केसांच्या लांबीकडे लक्ष द्यायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. डेथ मेटल, ते गुरगुरत्या आवाजाचं संगीत, मला चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर सापडलं होतं आणि ते ऐकणारा आख्ख्या गिरणगावात मी एकटाच, असा माझा समज होता. तू न विचारता माझ्या एका कानातला हेडफोन काढून स्वतःच्या कानात घातलास, जरा वेळ ऐकलंस आणि म्हणालास की हा गडी घशातून ओरडतोय, दोन वर्षांत वाट लागेल याची, आवाज पोटातून काढायचा असतो. आणि तिथल्या तिथे काढून दाखवलास. जिना उतरणाऱ्या मॅडम परत वर गेल्या.

मग कळलं की रविवारी सकाळी तू चर्चच्या कॉयरमध्ये गातोस, सातव्या वर्षापासून. शनिवारी दुपारी सैतानाचा आवाज आणि रविवारी सकाळी देवदूताचा, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचो. तुला ते आवडायचं नाही. तू म्हणायचास, दोन्हीकडे श्वास एकाच जागेवरून घ्यावा लागतो.

बँडचं नाव मी ठेवलं. क्रूसावर ख्रिस्ताला आंब, म्हणजे व्हिनेगर, प्यायला दिली आणि काट्यांचा मुकुट घातला, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं. त्यातून व्हिनेगर क्राउन. आपल्या ड्रमरच्या, शिरीषच्या आईला ते चायनीजच्या गाडीचं नाव वाटलं होतं. गाणी मी लिहायचो. इंग्रजी डिक्शनरी घेऊन चाळीच्या गॅलरीत बसायचो आणि ख्रिस्ताचा अपमान रचायचो. परदेशातल्या त्या बँडांच्या गाण्यांत तेच असायचं. उलटे क्रूस, फुटलेल्या वेद्या, देवाच्या मुलाला नाव घेऊन शिव्या. त्या पोरांना लहानपणी कान धरून चर्चमध्ये बसवलेलं असणार. त्यांचं भांडण त्यांच्या घरातलं होतं. मी तर चर्चची पायरीही चढलो नव्हतो. पण वड्यात बटाटा असतो तशी डेथ मेटलमध्ये देवनिंदा असते, याच्यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता.

तिसरं गाणं मी कम्युनियनवर लिहिलं, मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून चकती जिभेवर देतात त्यावर. ती पांढरी चकती, तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या, त्या गिळणारे भक्त. मला ते फार जमलंय असं वाटत होतं. तू वाचलंस आणि विचारलंस की ती चकती कशी लागते माहीत आहे का. तू सांगायला लागलास. कागदासारखी लागते, चव नसतेच. टाळूला चिकटते. दात लावायचा नाही असं लहानपणी सांगितलेलं असतं, म्हणून जिभेने हळूहळू सोडवत बसायचं, आणि तेवढ्यात ती असते-नसते होऊन जाते. "अळ्या काढ," तू म्हणालास. "नुसती विरघळते असं लिही. तेच जास्त भयंकर आहे." मी अळ्या काढल्या. ते गाणं आपलं सगळ्यात चांगलं गाणं झालं आणि त्यातली चांगली ओळ तुझी होती, हे मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.

प्रॅक्टिस माझ्या मामाच्या गणपतीच्या कारखान्यात. हंगाम संपला की ते सगळं रिकामं असायचं. शाडूचा वास, भिंतीला टेकवलेले साचे, पत्र्याच्या फटींतून उतरणारं ऊन आणि त्यात तरंगणारी पांढरी धूळ. आजही मला आपला बँड आठवतो तो त्या धुळीतूनच. तू, मी, शिरीष, सगळे जरा अस्पष्ट, पीठ लावल्यासारखे. दरवर्षी एखादी मूर्ती न जाता राहायची. त्या वर्षीही कोपऱ्यात एक होती, रंग झालेली, फक्त डोळे राहिलेले. वाजवायला सुरुवात करण्यापूर्वी मी तिच्यावर मेणकापड टाकायचो. मला वाटायचं, धूळ बसू नये म्हणून टाकतो.

तू बरेच महिने ते बघितलंस. मग एका शनिवारी तिसऱ्या गाण्यात, मी लिहिलेल्या ओळीत, ख्रिस्ताच्या नावाच्या जागी तू आमच्या देवाचं नाव घेतलंस. बाकीची ओळ तीच. मी मुद्दाम थांबलो नाही, बेसिल. गिटारवरचा हात आपोआप थांबला. शिरीष पुढे चार ठोके वाजवत गेला आणि मग त्याचंही थांबलं. मी तुला विचारलं की काय चाललंय. मारामारीच्या अगदी जवळ होतो मी.

तू शांत होतास. "तुझा हात थांबला बघ," म्हणालास. "माझा आतून दर वेळी थांबतो. तू त्याला मेणकापडाखाली ठेवतोस, मंग्या. माझ्यावाल्याला कोण झाकतं?"

मी म्हणालो की मग गातोस कशाला. तेव्हा तू ते ड्रमच्या पेटीवर बसून सांगितलंस. तुझी बहीण लव्हीना नऊ वर्षांची असताना तापात गेली. तू तेरा वर्षांचा. रोझी आंटीने माहीमच्या चर्चचा नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवारांचं व्रत, धरलं होतं आणि सातव्या बुधवारी पोर गेली. पुरल्यानंतर आंटी उरलेले दोन बुधवारही जाऊन आली. आता कशाला जातेस असं तू विचारलंस, तर म्हणाली, धरलेलं पुरं करायचं असतं. "मी त्या दिवसापासून त्याच्याशी भांडतोय," तू म्हणालास. "शिवी द्यायला समोर कुणीतरी असावं लागतं. माझ्या समोर तो आहे. तुझ्या समोर कोण आहे?"

या प्रश्नावर आपण पुढे किती वर्षं भांडलो. मी म्हणायचो, ही कला आहे, प्रतीक आहे, कुणा एकाचा देव नाही. तू म्हणायचास, कुणा एकाचा नसेल तर मेणकापड टाकू नकोस. मी पुढच्या शनिवारी खरंच टाकलं नाही. वाजवताना सगळा वेळ पाठ करून उभा राहिलो. तू हसलास, पण वाईट हसला नाहीस.

रोझी आंटीच्या हाती ती गाण्यांची वही लागली तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी तुमच्या दादरच्या घरी तिने मला समोर बसवलं, बोंबलाची कढी वाढली आणि वही पुढ्यात ठेवली. लाल पेनाने दुरुस्त्या केल्या होत्या. ख्रिस्ताच्या शिष्याने, पीटरने, त्याला ओळखत नाही असं सात वेळा म्हटलं, असं मी लिहिलं होतं. तिने सात खोडून तीन केले होते. "शिव्या द्यायच्या तर वाचून दे," म्हणाली, आणि आणखी भात वाढला. त्या घरात तू का टिकून होतास ते मला त्या दिवशी कळलं. तिने तुझा उलट्या क्रूसाचा टी-शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला होता, आतली बाजू बाहेर काढून.

मग ती सीडी. आपण स्वतःच रेकॉर्ड केलेली पाच गाणी आणि आत छापलेले शब्द, कुणाचं काय ते न लिहिता. त्यातला कागद कसा कोण जाणे तुमच्या चर्चमध्ये पोचला. तिसरं गाणं लाल रेघ मारून फादरच्या टेबलावर ठेवलेलं होतं. तुला बोलावलं, कारण आपल्यात तूच त्यांचा होतास. तू बाहेर आलास आणि परळच्या हॉटेलात माझ्यासमोर चहा घेताना सांगितलंस की गाणं माझं आहे असं सांगून आलोय.

मी विचारलं, का.

"माझं असलं की ते घरातलं भांडण," तू म्हणालास. "तुझं नाव निघालं की मोर्चा. तुझ्या चाळीवर, माझ्या गल्लीत. पेपरवाले, पोलीस, सगळे. आईला बाजारात जायचं असतं रे."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतो. आधी सुटका वाटली आणि लाज नंतर वाटली, बऱ्याच नंतर. तोंडाने मी म्हणालो की जरा निवळू दे, मी स्वतः जाऊन सांगतो फादरना. तू मान हलवलीस आणि बिस्किट चहात बुडवलंस.

निवळलं. मी गेलो नाही. तुला कॉयरमधून कमी केलं हे कळलं तेव्हा मी काय म्हणालो होतो आठवतं? म्हणालो, सुटलास एकदाचा. तू हसलास, आणि ते हसणं मी होकार म्हणून घेतलं. शिरीष दुबईला गेला, मामाने कारखान्याची जागा सोडली, मला हॉस्पिटलात नोकरी लागली, तू एका छापखान्यात डिझाइनिंग करायला लागलास. बँड असा मोडलाही नाही. एका शनिवारी कुणीच आलं नाही, एवढंच. तू दर रविवारी चर्चच्या फाटकाशी, बाहेर, गाणी संपेपर्यंत उभा असतोस हे रोझी आंटीने मला तुझ्या आजारपणात सांगितलं. आत का जात नाही विचारलं तर म्हणतो, इथून शब्द चांगले ऐकू येतात. बाहेरून शब्द चांगले ऐकू येत नाहीत, बेसिल. माझं कामच ते आहे, मला माहीत आहे.

मग तुझ्या किडन्या गेल्या आणि तू माझ्याच हॉस्पिटलात यायला लागलास. मंगळवार आणि शनिवार, दुपारी चार-चार तास. मी जेवणाचा डबा घेऊन तुझ्या पलंगाशी स्टूल ओढायचो. त्या वॉर्डमध्ये दुपार कशी असायची. पडदे ओढलेले, मशीनं एका लयीत कुरकुरणारी, तुझं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येणारं, आणि तू अर्धा झोपेत, अर्धा बोलत. झोपेतलं कुठलं आणि जागेपणीचं कुठलं हे मी विचारायचं सोडून दिलं होतं. एकदा म्हणालास, स्वप्नात मिस्सा चालू होती आणि तू मधे उभा राहून आपलं तिसरं गाणं गुरगुरत गात होतास, पूर्ण आवाजात. कुणी दचकलं नाही. प्रत्येक ओळीला सगळी माणसं शांतपणे आमेन म्हणत होती. आणि वर क्रूसावरच्याने एक डोळा उघडून तुला सांगितलं, बेसिल, खालची पट्टी घे. तू हे सांगताना इतका हसलास की मशीनचा अलार्म वाजला.

त्या दुपारी मी तुला विचारलं होतं की परत जात का नाहीस कॉयरमध्ये, आता कुणाला आठवतंय ते. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. बऱ्याच वेळाने म्हणालास की वरच्या पट्टीचे टेनर कमी आहेत त्यांच्याकडे सध्या, आणि मग खरंच झोपलास. मी डबा आवरून कामावर गेलो. दाराशी एकदा थांबलो होतो, एवढं कबूल करतो.

त्यानंतर असे किती मंगळवार गेले. आणि मग एका मंगळवारी तू आलाच नाहीस. सकाळी आंटी चहा घेऊन गेली तर तू कुशीवर होतास, गाल हातावर ठेवून. तिने मला सांगितलं, दोनदा हाक मारली, मग मारली नाही.

शिवडीच्या दफनभूमीत मी मागे उभा राहिलो. मला प्रार्थना येत नव्हती. आपल्या गाण्यांतल्या सगळ्या ओळी मात्र येत होत्या, आणि त्यांतला एकही शब्द तिथल्या मातीपाशी टिकत नव्हता. मूठभर माती टाकली आणि निघालो. त्या दिवशीही कुणाला काही बोललो नाही.

आता परवाचं सांगतो. मिस्सा झाली. चर्चमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसलो. लोक उठून रांगेने कम्युनियनला गेले, मी जागेवरच राहिलो. परत येणाऱ्यांची तोंडं मिटलेली, नजर कुठेच नाही, जिभेवर काहीतरी विरघळतंय अशी. त्यात रोझी आंटी होती. मी मान खाली घातली.

लोक बाहेर पडले तेव्हा कॉयरच्या बाकांपाशी एक म्हाताऱ्या बाई पुस्तकं गोळा करत होत्या. ऑलिव्ह मिस. तुला सातव्या वर्षी ज्यांनी उभं राहायला शिकवलं त्या. मी जवळ गेलो आणि माझं नाव सांगितलं. बेसिलच्या बँडमध्ये गिटार वाजवायचो म्हणालो. मग म्हणालो, "चौदा वर्षांपूर्वी ज्या गाण्यावरून तुम्ही त्याला काढलंत ते त्याचं नव्हतं, मिस. माझं होतं."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. रागावल्या नाहीत. बाकावरची पुस्तकं बाजूला करून मला बसायला जागा केली.

त्या सांगायला लागल्या. तुला कायमचं काढलं नव्हतंच. महिनाभरात फादरच म्हणाले होते की माफीच्या दोन ओळी लिहून दे आणि रविवारी ये. तू लिहिल्या नाहीस. मिस घरी येऊन तुला ओरडून गेल्या. तेव्हा तू त्यांना, फक्त त्यांना, सांगितलंस की भांडण बाहेर जाऊ नये म्हणून फादरना गाणं माझं म्हणालो, पण वेदीसमोर दुसऱ्याच्या शब्दांची माफी मागणार नाही. देवाशी खोटं बोलायचं नाही, एवढं एकच मी पाळतो, असं म्हणालास. शब्द कुणाचे ते मात्र सांगेनास. ज्याचे आहेत तो स्वतः येईल म्हणालास. मिसनी विचारलं, कधी. तू म्हणालास, जरा घाबरट आहे, वेळ लागेल, पण येईल.

"दर वर्षी ख्रिसमसची प्रॅक्टिस सुरू करायच्या आधी मी त्याला फाटकाशी गाठायचे," मिस म्हणाल्या. "विचारायचे, आला का तुझा माणूस? तो म्हणायचा, अजून नाही, मिस."

मी आलो, बेसिल. पण तीन वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी मी तुझ्या पलंगाला गुडघा टेकवून बसायचो, तुझ्या ताटलीतलं सफरचंद खायचो, आणि त्या तिन्ही ख्रिसमसना तू फाटकाशी उभा राहून त्यांना तेच सांगितलंस, अजून नाही.